बंदुका बंद केल्याचा सत्कार

शाल-श्रीफळ देऊन माझा आयुष्यात एकदाच सत्कार झाला. तोही वाळवंटात, आणि न केलेल्या कामाबद्दल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तंबू, शेगड्या आणि शिकारीच्या बंदुका विकणाऱ्या दुबईतल्या दुकानांच्या एका साखळीत मी सेल्स मॅनेजर होतो. बंदुकांच्या काउंटरवर एक पठाण होता, वयानं माझ्याहून मोठा. गिऱ्हाइकाच्या हातात बंदूक देताना तो मुलीची पाठवणी करावी तसा चेहरा करायचा. मी घरी अंडंसुद्धा न खाणारा. पण तंबूपेक्षा बंदुकीवर कमिशन बरंच जास्त, त्यामुळे माझी अहिंसा दुकानाच्या दाराबाहेर थांबायची. बायकोला हा धंदा मुळीच आवडत नव्हता. बिल्डिंगमध्ये ती सांगायची, "ह्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे."

एक दिवस मालकांनी मला आणि पठाणाला बोलावून सांगितलं, शिकारीचं सगळं बंद. आता लोक शुक्रवारी पोराबाळांना घेऊन वाळवंटात जातात, त्यांना खुर्च्या द्या, बार्बेक्यू द्या. मी तासभर भांडलो. जुनी गिऱ्हाइकं तुटतील म्हणालो, शेवटी तर डोळ्यांत पाणी आलं. मालक म्हणाले, "हबीबी, खलास."

घरी येऊन म्हणालो, "बंदुका बंद झाल्या."

पोळी लाटता लाटता बायको थांबली. "तू बोललास त्यांच्याशी?"

"बोललो."

खोटं नव्हतंच ते. पुढचं तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण ती माझ्याकडे अशा काही नजरेनं बघत होती, की लग्नानंतर तसं तिनं कधी बघितलं नव्हतं. ती नजर मोडायची माझी छाती होईना. दोन दिवसांत ही बातमी दुबईतल्या अख्ख्या मराठी मंडळात.

त्या हिवाळ्यात मंडळाच्या सहलीला आमच्या दुकानानं तंबू दिले. ते उभारायला पठाण आला. त्याला आता तंबूच सांभाळायचे होते. श्रीखंड-पुरी झाल्यावर अध्यक्षांनी मला उभं केलं, शाल घातली, "मुक्या पाखरांचा कैवारी" वगैरे झालं. बायकोला काय वाटलं कोण जाणे, तिनं पठाणाला हाक मारली. "भाईसाहब, आप भी तो थे वहाँ! ये क्या बोले सेठ को?"

शालीच्या आत मला घाम फुटला. पठाणानं माझ्याकडे पाहिलं, हातोडी खाली ठेवली.

"क्या बताऊँ भाभी, साहब तो रो पड़े."

टाळ्यांचा कडकडाट. अध्यक्षांनी रुमाल काढला. पठाण मिशीत हसत दोरी आवळायला लागला.

परतताना गाडीत मुलीनं मागून विचारलं, "बाबा, डिड यू रिअली क्राय फॉर द बर्ड्स?"

आता मात्र राहवेना. "नाही गं. कमिशन गेलं म्हणून रडलो."

मग बायको म्हणाली, "शंका होतीच मला. पण आता सत्कार झालाय. बाहेर चकार शब्द काढायचा नाही."

"आई, दॅट्स लाइंग!"

"नो. दॅट्स सत्कार," बायको म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

मीही हसलो. पण ती नजर काही पुन्हा वाट्याला आली नाही. मंडळात कुणी तो विषय काढला, की माझ्याआधी तीच गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "हो ना, फार रडले हो हे."