क्षितिजावहिनीची स्पॅनिश शाळा

"घरात फक्त इंग्रजी, असं लिहिलंस तू फॉर्मवर. फक्त. म्हणजे आपण दोघं घरात मुके असतो का?"

"क्षिती, मी फॉर्म भरलाच नाही."

"मग मितालीनं भरला? साडेतीन वर्षांच्या पोरीनं?"

"तिनं भरला असता तर स्पेलिंग चुकलं असतं, बाकी सगळं हेच आलं असतं."

"प्रज्ञेश, मला आत्ता तुझे जोक नकोत. सीट गेलीय आपली."

दादानं टोस्ट खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. अकरा प्रीस्कूल, अकरा ओळी. घरापासूनचं अंतर, मुलांमागे शिक्षिका किती, बागेत सावली आहे की नाही. हा तक्ता वहिनीनं केला होता. दादाला तो नुसता बघायचीही परवानगी नव्हती. 'घरची भाषा' या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'इंग्लिश' होतं. पहिल्या घरात लिहून माऊसनं खाली ओढलेलं, अकरा वेळा.

वहिनीनं तो रकाना बोट ठेवून खालपर्यंत तपासला. मग म्हणाली, "तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस."

मी दादाची धाकटी बहीण. युनिव्हर्सिटीसाठी ब्रिस्बेनला आले आणि स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरात त्यांच्याच घरी राहते. त्या सकाळी सीरियलचा बाऊल घेऊन मी दोघांच्या मधोमध अडकले होते. स्पॅनिश शाळेच्या ईमेलमध्ये एवढंच होतं की पहिल्या तुकडीत प्राधान्य अशा घरांना, जिथे इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा रोज बोलली जाते. अशी मुलं स्पॅनिश लवकर उचलतात. तुमचं नाव प्रतीक्षायादीत ठेवलं आहे.

आता 'फक्त इंग्रजी' का लिहिलं, तर वहिनीच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलेलं की दुसरी भाषा लिहिली की पोराला वेगळ्या गटात बसवतात. हे कुणी पडताळून पाहिलं नव्हतं. पण आपल्या ओळखीच्या अर्ध्या घरांनी याच भीतीनं तसंच लिहिलंय, हे मला माहीत आहे.

वहिनी सरकारी लॅबमध्ये पाणी तपासते. नळाचं, तळ्याचं, स्विमिंग पुलाचं. दिवसभर बाटल्यांवर तारखा लिहिते आणि घरी येऊन डाळीच्या डब्यावरही लिहिते. मूळची वाशिमची. वडील, यादवराव, पोस्टात होते. बारावीपर्यंत मराठी शाळा, बी.एस्सी. तिथेच, मग एम.एस्सी.ला पुणे. तिथल्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ती "मले नको" म्हणाली आणि पोळी वाढणारीपासून रूममेटपर्यंत सगळ्या हसल्या. दुष्टपणे नाही, प्रेमानं. "परत म्हण ना गं, किती गोड." तिला सगळ्यात जास्त ते गोडच लागलं होतं, लागलं म्हणजे जखमेसारखं. सहा महिन्यांत 'मले'चं 'मला' झालं. मग इथे, युनिव्हर्सिटीच्या ट्यूटोरियलमध्ये तिनं एक उत्तर दिलं, ट्यूटरनं तीनदा "सॉरी?" विचारलं. चौथ्यांदा शेजारच्या मुलानं तेच उत्तर दिलं, आणि ट्यूटर म्हणाला, "एक्झॅक्टली, मेट."

हे तिनं मला एकदाच सांगितलं, वाळलेले कपडे काढता काढता. चिमटे टोपलीत टाकायचा वेग तेवढा वाढला होता.

मिताली झाली तेव्हा हॉस्पिटलातच नियम झाला: बाळाशी इंग्रजी. दादाच्या तोंडून "इकडे ये गं सोने" निघालं की आतून वहिनीचा आवाज यायचा, "कन्फ्यूज करू नकोस तिला." दादा छपरांवर सोलर पॅनेल बसवतो, दिवसभर उन्हात ओरडून थकलेला असतो. त्यानं वाद सोडला आणि मितालीशी मराठीही. पुढे वहिनीनं कुठेतरी वाचलं की दोन भाषांतल्या मुलांचा मेंदू तल्लख होतो. झालं. अकरा ओळींचा तक्ता, आणि तळ्यापलीकडची स्पॅनिश शाळा सगळ्यात वर.

तर त्या सकाळी तिनं माझ्यादेखत शाळेला फोन लावला. फोनवरचा तिचा आवाज वेगळाच, इस्त्री केलेला. फॉर्ममध्ये चूक झाली, घरी आम्ही मराठीच बोलतो, रोज, हो, मुलगीसुद्धा. फोन ठेवून तिनं आमच्याकडे पाहिलं.

"शनिवारी बोलावलंय. दहा मिनिटं आपल्या भाषेत मुलीशी खेळायचं. एक जागा रिकामी होतेय."

"कुणाच्या भाषेत?" दादानं विचारलं.

"आज सोमवार आहे," वहिनी म्हणाली.

पाच दिवसांत घराला चिठ्ठ्या लागल्या. फ्रिजवर 'शीतकपाट', हे मी स्वतः काढून फेकलं. रोज संध्याकाळी गालिच्यावर वहिनी आणि मिताली समोरासमोर, मध्ये ठोकळे.

"बाळ, कृपया मला लाल ठोकळा दे."

"ममी, यूज युअर नॉर्मल व्हॉइस."

"हाच माझा आवाज आहे. लाल ठोकळा."

"नो. धिस इज युअर फोन व्हॉइस."

"बातम्या देतेयस तू," दादा सोफ्यावरून म्हणाला. "कृपया काय? घरात कुणी कृपया म्हणतं?"

"तू उठून शिकव मग."

"साडेतीन वर्षं तोंड बंद ठेवलंय मी. आता उघडायचं तर थोडं तेल घालावं लागेल."

गुरुवारी सहा वाजता यादवरावांचा व्हिडिओ कॉल आला. मिताली स्क्रीनसमोर उड्या मारत "जय भीम, आजोबा" म्हणाली. तिला येणारं तेवढंच. पलीकडे यादवरावांनी चष्मा लावला, मांडीवर वही उघडली आणि एकेक शब्द बोट ठेवून वाचला, "व्हॉट, डिड, यू, ईट, टुडे?"

"बाबा, इंग्रजी नको," वहिनी मध्येच म्हणाली. "मराठीत बोला तिच्याशी."

"कायले? तूच त म्हणे, इंग्रजीत बोला नाहीतर बोलूच नोका. दोन वर्सं झाले, मी वही भरून राह्यलो."

"ते तेव्हा होतं, बा. आता मराठी पाह्यजे. शाळेसाठी."

"कोण्या शाळेसाठी?"

"स्पॅनिश."

यादवरावांनी वही मिटली. चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं. गोळी घ्याले उठतो मी." कॉल बंद झाला.

दादा तेव्हाच बोलला. "आत्ता बोललीस ना, ती भाषा शिकव तिला. ठोकळ्यांची कशाला?"

"ती नाही शिकवायची."

"का?"

"कारण त्या भाषेवर हसतात. मग 'मला' शिकवलं तर इथे उच्चारावर हसतील. इंग्रजी शिकवली, तर आत्तापासूनच शेजारीण म्हणते, सो क्यूट, थोडं इंडियन वाटतं. मी दोनदा बदललीय जीभ, प्रज्ञेश. तिला एक भाषा अशी हवी की ज्यात आपल्या घरातल्या कुणावर कधी कुणी हसलं नाही. स्पॅनिशमध्ये आपण कुणीच नाही. म्हणून स्पॅनिश."

मितालीनं हिरवा ठोकळा उचलून विचारलं, हा पण चालेल का. इंग्रजीत विचारलं.

शनिवारी पाऊण तास आधीच आम्ही चौघं शाळेत. बुटक्या खुर्च्या, बुटकी बेसिनं. संचालिका मारिसोल, चिलीहून आलेली, पन्नाशीची, खांद्यावर झोपलेलं कुणाचं तरी बाळ घेऊन फिरत होती. तिनं मितालीशी हात मिळवला आणि आम्हाला सांगितलं: दहा मिनिटं इंग्रजी नाही. परीक्षा समजू नका.

वहिनीनं परीक्षाच समजली होती. "बाळ, मला लाल ठोकळा दे." मितालीनं दिला. "आता निळा." निळाही दिला. दादानं माझ्याकडे बघून भुवई उडवली. चार मिनिटं झाली असतील. मग मिताली टेबलाखालच्या गाडीसाठी वाकली आणि उठताना तिचं कपाळ कडेवर आपटलं.

फार नाही, पण लागलं. तिचा ओठ थरथरला. वहिनी गुडघ्यावर बसली, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. ठोकळ्यांची भाषा होती, पण लागलेल्या पोरीची नव्हती. तीन सेकंद मी मोजले. मग ती सगळी एकदम इंग्रजीत कोसळली, "इट्स ओके, डार्लिंग, आय ॲम हिअर, शो मी, शो ममी." मिताली तिच्या गळ्यात पडली.

मारिसोलनं घड्याळ पाहिलंच नाही. थोड्या वेळानं खुर्ची ओढून बसली आणि सावकाश इंग्रजीत म्हणाली, "फॉर्म बरोबर होता तर."

वहिनीनं मान खाली घातली. इतकं चिडलेलं मी तिला लॅबच्या चुकलेल्या रिपोर्टवरही पाहिलं नव्हतं. कुणावर चिडली होती, ते मात्र कळेना.

"पहिली तुकडी नाही देऊ शकत," मारिसोल म्हणाली. "जुलैपासून आठवड्यातले दोन दिवस देते. माझी अट एकच. माझी भाषा एकटी टिकत नाही, तिला घरात सोबत लागते. आई-बाबांनी रोज तासभर आपली भाषा बोलायची. तुमच्या घरची जी असेल ती." तिनं एक कागद पुढे केला. भाषेसाठी एक रिकामी ओळ, खाली दोन सह्यांच्या जागा.

दादानं सही केली. अक्षर छपरावर बसून लिहिल्यासारखं, घाईचं. मग पेन वहिनीसमोर ठेवलं.

"कर," तो म्हणाला.

"कुठली भाषा लिहू?"

"मराठी लिही. पण कृपयावाली नको, क्षिती. तू आता जर पोरीशी तुझ्या बांना परकं वाटेल असं बोलणार असशील, तर सहीच करू नकोस. तिला लागलं तेव्हा तुझी आई काय म्हणाली असती?"

वहिनीनं पेन उचललं. टोपण काढलं, परत लावलं.

"काऊन रडून राह्यली वं माय," दादाच म्हणाला, चुकत, मुंबईच्या हेलानं. मिताली आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे वळून पाहायला लागली. "असंच ना? बरोबर म्हटलं का मी? तू म्हणशील तिला असं? सांग ना, म्हणशील?"

मला होस्टेलातलं ते 'परत म्हण ना गं' आठवलं. मारिसोल आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघत होती. खांद्यावरचं बाळ कुरकुरलं, तिनं त्याला थोपटलं.

वहिनीनं सही न करताच पेन कागदावर आडवं ठेवलं, मितालीला कडेवर घेतलं, तिची टोपी खुर्चीवरून उचलली आणि दार ढकलून बाहेर निघून गेली.