गोडाऊनची फरशी आणि नानांचा देव

साईटवर सिमेंट वेळेवर येत नाही, पाणी येत नाही. किस्से मात्र न मागता येतात. चोपड्याजवळ केळीच्या गोडाऊनची फरशी केली, तेव्हा तर मला वेड लागायचंच बाकी होतं!

*

मालक आबा. थोड्या सिमेंटच्या जागी दीपनगरच्या वीजकेंद्रातली कोळशाची राख घालू, असं मी सुचवलं. आबा ताडकन उठले. "साहेब, मी गोडाऊन बांधतोय, स्मशान नाही!"

राखेनं काँक्रीट पुढे जास्त घट्ट होतं, हे सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी आबा तयार झाले, पण भटजींना विचारून. माझी डिग्री गेली चुलीत!

*

फरशीला तडे जाऊ नयेत म्हणून काँक्रीटमध्ये पोलादी तारांचे बारीक तुकडे घालायचे होते. ते खडीत मिसळायला सांगून मी जेवायला गेलो. परत येतो तर धुळ्याकडचे नाना मिस्तरी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवत बसलेले.

"साहेब, बठ्ठा कचरा काढी टाका!"

शेजारी वेचून काढलेल्या सगळ्या तारांचा ढीग. मी डोक्याला हात लावला.

*

नाना शेवटपर्यंत म्हणत राहिले, "तारास्नी काय गरज शे?" तरी तारा परत मिसळून फरशी झाली एकदाची. त्याच मालाचे तीन क्यूब, म्हणजे तपासणीचे चौकोनी ठोकळे, भरले, अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत ठेवले. ते मशीनमध्ये दाबून किती भार सोसतात बघायचं. रिपोर्ट चांगला नाही आला तर अख्खी फरशी फोडायची, असा आबांचा दम होता, आणि माझी नोकरीही त्यातच अडकलेली.

अठ्ठाविसाव्या दिवशी टाकी रिकामी! एक क्यूब कोपरे उडून ड्रमखाली, दुसरा तडे जाऊन मिक्सरच्या चाकाखाली. तिसरा सापडला गेटजवळ, कडुनिंबाखाली. शेंदूर फासलेला, पुढे नारळ.

"काम निर्विघ्न व्हवाले पाहिजे ना," नाना म्हणाले. "आते देवले फोडशात का?"

मी हातापाया पडलो. नाना देव मांडीवर घेऊन जळगावच्या लॅबपर्यंत आले आणि मशीनसमोर हात जोडून उभे राहिले.

काटा चढत गेला. हवा होता तो आकडा ओलांडला आणि मी श्वास सोडला. मग कडकन आवाज झाला. क्यूबला चहूबाजूंनी तडे गेले, पण एक तुकडा खाली पडला नाही. तारांनी सगळं धरून ठेवलं होतं.

नानांनी देव उचलून कपाळाला लावला.

"देखा साहेब, देव फुटना नही! मी म्हने ना, तारास्नी काय गरज व्हती?"