मोशीचे दाजी

दाजी सायकलवर बसल्या बसल्या कुणालाही रामराम घालत नसत. वाटेत वडीलधारं माणूस दिसलं की ब्रेक दाबायचा, खाली उतरायचं, सायकल कमरेला टेकवायची, दोन्ही हात जोडून 'बरं हाय का?' विचारायचं, उत्तर पूर्ण ऐकून घ्यायचं आणि मगच पुन्हा टांग मारायची. हा गुण एखाद्या शाळामास्तरात असता तर आम्ही कौतुकच केलं असतं. पण दाजी शर्यतीत सायकल पळवणारे. आमच्या पट्ट्यात त्यांच्या मांड्यांतलं बळ दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, आणि त्यांच्याइतक्या वेळा खाली उतरणाराही कुणी नव्हता.

ते पुनावळ्याचे, घरचे शेतकरी. दापोडीला ज्या कारखान्यात मी नोकरीला लागलो, तिथे माझ्या शेजारच्या लेथवर ते उभे असत. सासुरवाड मोशीची. कारखान्यात मोशीची पाच-सहा पोरं होती, ती त्यांना दाजी म्हणायची. मग चिंचवडची म्हणायला लागली, मग आमच्यासारखी बाहेरगावची, आणि शेवटी फोरमनसाहेबसुद्धा. नात्यानं ते फक्त मोशीचे जावई होते, पण वागणं असं की नाशिक रस्त्यावरची सगळी गावं म्हणजे आपली सासुरवाडच.

मी राजापूरकडचा. आमच्याकडे रस्त्यात माणूस भेटला तर आधी त्याची खोड काढतात आणि मग जमलं तर विचारपूस करतात. त्यामुळे दाजींच्या या उतरण्याचा मला भारी वैताग यायचा. मीही शर्यतीत पळायचो; दोघे सरावाला निघालो की चिंचवडच्या पुढे जाईपर्यंत माझा घाम येऊन वाळलेला असायचा आणि दाजी अजून कुणाच्या तरी चुलत्याच्या गुडघ्याची चौकशी करत असायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, नुसती मान हलवा की. कळतं माणसाला." दाजी म्हणाले, "बसून रामराम म्हंजी झोपून जेवल्यावानी. पोटात जातं, पर अंगी लागत न्हाई."

बाकी शर्यतीचं त्यांचं शास्त्र सरळ होतं. इतर स्वार खिशात ग्लुकोज ठेवायचे, दाजी कमरेला भाकरी आणि ठेचा बांधायचे. ठेच्याने तोंड पोळलं की माणूस आपोआप जोरात पळतो, असं त्यांचं म्हणणं. घाट आला की सांगायचे, "वर बगू नगा. म्होरच्याच्या टाचा बगा, त्या कंटाळल्या की आपन जायचं." हे मात्र खरं होतं. घाटात मी त्यांच्या टाचांकडे बघत किती वेळा चढलो असेन, पण त्या टाचा कधी कंटाळल्या नाहीत.

पुण्यातल्या एका सायकलच्या दुकानदाराने आम्हा दोघांना हाताशी धरलं होतं. सायकल त्याची, टायर त्याचे, शिवाय दुधाचा रतीब. बदल्यात आम्ही त्याच्या दुकानाचं नाव छातीवर लावून पळायचं. एका वर्षी तीन टप्प्यांची मोठी शर्यत ठरली. पहिल्या दिवशी पुणे ते नगर, दुसऱ्या दिवशी नगर ते संगमनेर, आणि तिसऱ्या दिवशी संगमनेरहून नारायणगाव, खेड, चाकण, मोशी, भोसरी करत दापोडीला शेवट. तिन्ही दिवसांच्या वेळेची बेरीज ज्याची कमी, त्याचा कप.

आणि नेमकं त्याच वर्षी दाजींच्या घरी वहिनी नव्हत्या. सासऱ्यांनी लेकीला दिवाळीला म्हणून मोशीला नेलं ते परत धाडलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं, शेती सोडून रस्त्याने उंडारणाऱ्या माणसाच्या घरी पोरगी कशाला ठेवायची? सायकल सोडा आणि मग न्या. त्यातही त्यांचा खरा राग वेगळाच होता. सायकलवाल्याला माणूस दिसत नाही, नुसता रस्ता दिसतो, असं ते चारचौघांत बोलून दाखवायचे. दाजींना बायको हवी होती आणि सायकलही हवी होती. शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या पुढे मोशीतून जायचं, अख्ख्या गावाने बघायचं, मग म्हातारा काय बोलेल, असा त्यांचा बेत होता. बोलताना ते हसायचे, पण डब्यात आईच्या हातची भाकरी बघितली की झाकण पुन्हा लावायचे.

दोन टप्पे झाले तेव्हा दाजी पहिले होते आणि मी दुसरा. तिसऱ्या दिवशी सकाळी संगमनेरला मी त्यांना शपथच घातली. चाकण आलं की मान खाली घालायची आणि दापोडीपर्यंत वर करायची नाही. माणूस दिसलाच नाही तर उतरायचा प्रश्नच नाही. दाजींनी जरा विचार केला आणि कबूल केलं.

खेडचा घाट उतरल्यावर ते एकटेच पुढे निघाले. मागे आम्ही तिघे, आणि आमच्यामागे पंचांची जीप. चाकणला दुतर्फा माणसं होती, दाजी दाजी असा गलका होत होता, पण गडी मान खाली घालून पळत होता. मी म्हटलं, चला, जिंकलो. इंद्रायणी ओलांडली, मोशी आली. देवळाच्या ओट्यावर बायका उभ्या, रस्त्याच्या कडेला म्हातारी माणसं. सगळ्यांच्या पुढे सासरे, पार रस्त्यात आलेले.

मान खाली असली तरी पाय दिसतातच, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दाजींना सासऱ्यांचा चेहरा दिसला नाही, पण लाल गोंड्याच्या वहाणा दिसल्या. त्यांनी ब्रेक दाबला, उतरले, सायकल कमरेला टेकवली आणि वाकून पायांना हात लावला. आम्ही तिघे बाजूने निघून गेलो. जाताना मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मागे वळून पाहिलं तर सासरे आमच्याकडे बोट दाखवत होते. बाकीचे स्वार पुढे गेले, हे जावयाच्या आधी त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी दाजींना जवळजवळ उचलूनच सायकलवर बसवलं, धोतर खोचलं आणि सीटला दोन्ही हात लावून असे ढकलत पळाले की पागोटं मागे रस्त्यात पडलं. भोसरीच्या आत दाजींनी आम्हाला गाठलं. दापोडीला ते पहिले आले आणि त्यांच्या चाकाला चाक लावून मी दुसरा. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

पण पंचांच्या जीपने सगळं पाहिलं होतं. स्वाराला बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही, असा शर्यतीचा नियम. पंच लष्करातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, पण मनाने वाईट नव्हते. त्यांनी दाजींना बाजूला बोलावून समजावलं, की कुणी अनोळखी माणसाने उत्साहाच्या भरात ढकललं असेल तर त्यात स्वाराचा दोष धरत नाहीत. एवढ्यात चाकणहून कांदे घेऊन आलेल्या ट्रकमधून सासरे खाली उतरले. जावयाला हार पडताना बघायला म्हणून आले होते. पंचांनी त्यांना ओळखलं आणि विचारलं, हे गृहस्थ कोण?

म्हातारा हुशार. एका नजरेत सगळं समजला. म्हणाला, "मी कुनी न्हाई यांचा. वाटंचा मानूस हाय."

मी दाजींना कोपराने ढोसलं. दुकानदाराने डोळे मोठे केले. नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढंही पुरलं असतं.

दाजी सासऱ्यांपुढे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आसं कसं म्हनता, मामा?" आणि पंचांकडे वळून हात जोडले. "सासरे हायेत माझे, सायब. त्यांनीच ढकललं."

पंचांनी त्यांचं नाव काढून टाकलं. कप मला मिळाला. मी तो संध्याकाळीच दाजींकडे नेऊन दिला, तर त्यांनी त्यात मला चहा ओतून दिला आणि जाताना कप धुऊन माझ्याच हातात ठेवला. सासरे त्या दिवशी तसेच मोशीला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा छकडा पुनावळ्याला दाजींच्या दारात उभा राहिला आणि वहिनी खाली उतरल्या. सायकल सोडण्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. उलट पुढच्या शर्यतीत म्हातारा चाकणपासूनच लोकांना रस्त्याच्या मागे सारत होता. स्वतः मात्र एका झाडाआड लपून बसला होता, जावयाला आपल्या वहाणा दिसू नयेत म्हणून.

दाजी गेले त्याला आता काही वर्षं झाली. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. भेटायला गेलो तेव्हा मी वहिनींना म्हटलं, की म्हाताऱ्याला पंचांसमोरच्या त्या एका वाक्याने जिंकलं. ते वाक्य दाजी बोलले नसते तर तुमचं काय झालं असतं, कुणास ठाऊक.

वहिनींनी डोळे पुसले आणि त्या हसल्या. म्हणाल्या, "त्ये दापोडीचं मला रातीला माझ्या आबांकडनं कळलं, भावजी. मी देवळाच्या ओट्यावर हुते. ह्ये सायकलीवरनं उतरल्याले बगितले आन् तशीच घरला गेले, गठुडं बांदाया."