शेजाऱ्यांचा कुकर

आमच्या डेस्कवर किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते व्हिसा घेऊन, रिपोर्टांची पिशवी काखोटीला मारून स्वतःच चालत येतात. अलीकडे व्हिसे मिळेनासे झालेत, त्यामुळे माणसं तिकडे आणि किस्से तेवढे इकडे राहिलेत.

चेन्नईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात परदेशी पेशंटसाठी वेगळा डेस्क आहे, तिथं मी काम करते. मी नागपूरची, नवरा सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये. तमिळ येत नाही म्हणून मला सगळीकडून नकार आले होते. डेस्कचे प्रमुख राव सर यांनी मात्र एकच विचारलं, "हिंदी येतं की?"

राव सर तंजावरचे मराठी. पिढ्यान् पिढ्या इकडेच, त्यामुळे मराठीला तमिळ हेल आणि 'आहे'चं कायम 'अहे'. मी म्हटलं, "येतं. पण हिंदीवरून तर इथं भांडणं होतात ना, सर?"

"भांडण देशातलं अहे, अम्मा. बाहेरून येणाऱ्यांना हिंदीच कळतं!"

खरंच होतं ते. ढाका, माले, कराची, सगळ्यांना सिनेमाचं हिंदी येतं. मी दुसऱ्याच दिवशी रुजू झाले.

* * *

हॉस्पिटलमागच्या गल्लीत एक लॉज आहे. पेशंटचे नातेवाईक तिथं महिना-महिना राहतात, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एकच. कुणीतरी कधीकाळी तिथं एक कुकर घेतला. आता जाताना तो विमानात कोण नेणार? म्हणून निघणारं कुटुंब तो आमच्याकडे आणून देतं आणि आम्ही नव्यानं येणाऱ्यांना देतो. एका बाजूनं चेपलेला, पाच लिटरचा कुकर. त्यात ढाक्याची खिचडी झाली, जाफन्याचं सांबार झालं.

राव सरांचा नियम एवढाच की कुकर पूर्ण परत यायला हवा. झाकण, रिंग, शिट्टी, सगळं स्वतः तपासून घेणार. "अर्धा कुकर कुणाच्या कामाचा?"

कराचीच्या नसरीन बाजींना तो मी दिला, तेव्हा त्यांनी शिट्टी नळाखाली धरून तीनदा धुतली. नवऱ्याला, इक्बालभाईंना, त्यांनी स्वतःच्या यकृताचा तुकडा दिला होता. ऑपरेशन छान झालं. पित्तनलिकेत बसवलेली एक बारीक नळी काही आठवड्यांनी काढायची, म्हणजे सुटका!

* * *

मालदीवचे एक काका हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायला आले. तिकडे तेव्हा भारताविरुद्ध घोषणांचे दिवस होते. काकांनी फोनवर फोटो दाखवला. मोर्चात सगळ्यांत पुढे, हातात फलक, खुद्द काका!

हसावं की रागवावं, मला कळेना. काका शांतपणे म्हणाले, "नारा अलग, व्हॉल्व्ह अलग."

जाताना त्यांनी राव सरांना टूना माशाचा डबा भेट दिला. सर पक्के शाकाहारी. डबा अजून ड्रॉवरमध्ये आहे, आणि सर त्याला हातही लावत नाहीत आणि टाकूही देत नाहीत.

* * *

ढाक्याचे अन्वर साहेब आमचे जुने पेशंट, किडनीच्या तपासणीला नेमानं यायचे. दोन्ही देशांचं बिनसलं, व्हिसे आटले. चीननं मात्र दारं उघडली, आणि साहेब गेले कुनमिंगला.

एके दुपारी तिथून व्हिडिओ कॉल आला. मागे चकचकीत हॉल, भलीमोठी मशिनं. मी म्हटलं, "वा साहेब, मजा आहे!"

"दीदी, सब अच्छा है यहाँ. बस, वो एक बात बोलो ना, जो आप टेस्ट से पहले बोलती हो."

मी म्हटलं, "घबराना नहीं, अन्वर साहब." त्यांनी मान हलवली आणि फोन ठेवला.

* * *

आमचा फिजिओ आरोकियम नागपट्टिनमच्या कोळ्याचा मुलगा. त्याच्या थोरल्या भावाची बोट श्रीलंकेच्या नौदलानं धरली, ती अजून तिकडेच कुजते आहे. त्याच्याकडे गुडघ्याचा पेशंट आला, तो तिथल्याच नौदलातून रिटायर झालेला! आम्ही धास्तावलो.

आरोकियम रोज त्याचा हात धरून त्याला कॉरिडॉरमधून चालवायचा. मी हळूच विचारलं तर म्हणाला, "अक्का, त्यांनी आमची बोट अडकवली. मी यांचा पाय सोडवतोय."

* * *

मग ती बातमी आली. सीमेकडे अतिरेक्यांनी माणसं मारली, आणि पाठोपाठ कराची-लाहोरच्या लोकांनी ताबडतोब निघावं असा हुकूम. टीव्हीवर त्या मेलेल्यांच्या बायका रडत होत्या आणि समोर नसरीन बाजी उभ्या होत्या. मला संताप येत होता, पण नेमका कुणाचा, ते सांगता येत नव्हतं.

इक्बालभाईंची नळी अजून आतच होती. "वेळेत काढली नाही तर इन्फेक्शन होणार," सर्जन म्हणाले. पण लगेच काढणंही धोक्याचं होतं.

"आपण परराष्ट्र खातं नाही, आपण रिसेप्शन," असं एरवी बजावणारे राव सर दिवसभर फोनला चिकटून होते. दिल्ली झाली, ओळखीचे अधिकारी झाले. संध्याकाळी त्यांनी फोन ठेवला आणि इक्बालभाईंचे रिपोर्ट पिशवीत भरायला घेतले.

निघताना बाजींनी कुकर ओढणीत गुंडाळून आणून दिला, घासून लख्ख केलेला. राव सरांनी पहिल्यांदाच तो न तपासता घेतला.

काही आठवड्यांनी केनियाहून एक कुटुंब आलं. मी कुकर काढला. झाकण होतं, रिंग होती, शिट्टी नव्हती.

मी बाजींना मेसेज केला. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. इक्बालभाईंना अधूनमधून ताप येतो, नळी काढायला तिकडे डॉक्टर शोधताहेत. त्याखाली एक फोटो होता. बाजींचा तळहात, त्यावर शिट्टी. आणि एक ओळ: "आकर लगाऊँगी."

मी फोन राव सरांपुढे धरला. केनियाची बाई समोर ताटकळत होती. म्हटलं, "सर, कोपऱ्यावरच्या दुकानात नवी मिळेल. आणू?"

सरांनी कुकर उचलून डेस्कखाली, आपल्या पायांशी सरकवला.

"ह्यांना माझ्या घरचा देतों," ते म्हणाले. "ह्याला नवी नको. ह्याची शिट्टी अहे."