जान्हवीच्या हातचे मोदक

शेवंतीवहिनी आमच्या घाटकोपरच्या चाळीत समोरच्या खोलीत राहतात. मूळच्या मालवणच्या, जीभ तिखट, आणि लेकीचं कौतुक सुरू झालं की थांबायच्या नाहीत. "माझ्या जान्हवीसारखी सोवळ्यातली पोर अख्ख्या चाळीत दाखवा!" हे ऐकलं की आता माझं डोकंच फिरतं. पोर मोरीत हात धुवायला गेली की बाहेर यायची नाही. म्हणून गणपतीच्या नैवेद्याचे मोदक तिच्याच हातचे. पाहुणे वाहवा करायचे. त्या हातांची सालं निघालेली कुणाला दिसली नाहीत.

बारावीचा पेपर मोरीतच बुडाला, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं. ओसीडी निघालं, एकच शंका पुन्हा पुन्हा छळणारा मनाचा आजार. डॉक्टरांनी पोरीवर उपचार सुरू केले आणि वहिनींना पार्ल्यात, अशाच मुलांच्या आईबापांच्या गटात धाडलं. "मी काय येडी आहे?" म्हणत गेल्या आणि हलक्या होऊन आल्या. गट चालवणाऱ्या दर्शनाताईंनी एक गोष्ट घोटून घेतली. पोर "आई, स्वच्छ झाले ना?" विचारते तेव्हा "हो" म्हणायचं नाही. त्या "हो"नं घडीभर बरं वाटतं आणि शंका आणखी माजते. वहिनी चुकायच्या, गटात जाऊन रडायच्या, पुन्हा कंबर कसायच्या. जान्हवी कॉलेजला जायला लागली.

तशी वहिनींनी गट सोडला. "बरी झाली ना आता? उद्या स्थळं बघायचीत, कशाला बोभाटा?"

यंदा गणपतीला गावाहून नणंद आली. जान्हवी मोदकांना बसली तशी ही आत्या म्हणाली, "हात धुतलंस मा गो नीट? देवाचा असा." पोरीनं आईकडे बघितलं. "आई, स्वच्छ आहेत ना?"

"हो गं बाय! तुझ्याइतकी सोवळ्यातली आहे कोण?"

एका "हो"नं काही बिघडलं नसतं. पण त्यानंतर रोज तेच सुरू झालं आणि गटात जायची वहिनींना लाज वाटली. दिवाळीपर्यंत पोरीचं कॉलेजला जाणंच सुटलं.

परवा त्यांनी दर्शनाताईंना फोन केला. "या, वाटच बघत होतो," एवढंच त्या म्हणाल्या. वहिनी जाऊन आल्या. संध्याकाळी मोरीतून हाक आली, "आई, सांग ना, स्वच्छ झाले ना?"

वहिनींच्या ओठांवर आलेलं "हो" मला माझ्या दारातून दिसलं.

"माका ठावक नाय गो," त्या म्हणाल्या. "पण मी हंयच आसंय."

जान्हवी आईवर जीव तोडून ओरडली आणि पुन्हा नळ सोडला. वहिनी मोरीच्या उंबऱ्याशी बसून राहिल्या. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं त्या हातांचे मोदक मिरवले मी. एकदा हात बघायचे होते गं."