डाव्या कोपऱ्यातला अंधार

सांगू का? — नाही, थांबा. आधी एवढं ऐका की हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायको शेवटच्या आजारात होती तेव्हा एकदा तिच्या उशाशी बसून जीभ रेटली होती. पण तिच्या औषधाची वेळ झाली आणि राहून गेलं. खरं तर वेळ झाली नव्हती. मीच घड्याळाकडे पाहिलं.

गेल्या महिन्यात लातूरहून महेशचा फोन आला. महेश म्हणजे आमच्या आप्पांचा नातू. आप्पांचं पत्र्याचं थिएटर होतं आणि मी तिथं मशीन चालवायचो. आता त्या जागी महेशचं मंगल कार्यालय आहे. आजोबांची आठवण म्हणून त्यानं जुनं प्रोजेक्टर गोदामातून काढलं, गंज घासून घेतला, पट्टे बदलले, कारागीर आणले. मशीन फिरायला लागलं. पण दिवा काही नीट बसेना. पडद्याचा खालचा डावा कोपरा काळाच. कार्बनच्या कांड्या बदलल्या, भिंग पुसलं, तारा तपासल्या — उजेड तिथं पोचेचना. "काका, तुमीच येऊन बघा," महेश म्हणाला, "ते मशीन तुमच्याच हातचं हाय."

खालचा डावा कोपरा. एवढं ऐकलं आणि मी हातातली कपबशी खाली ठेवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

त्या मशीनमध्ये बल्ब नसतो. कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक आणून धरायच्या, मध्ये डोळे दिपवणारा झोत पेटतो, आणि मागचा खोलगट आरसा तो झोत फिल्मवर फेकतो. आरसा किंचित कलला की पडद्याचा एक कोपरा मरतो. बस, एवढंच. एवढ्याशा गोष्टीवर माणूस संपवता येतो, हे तुम्हाला खरं वाटतं?

मला हे सगळं शिकवलं नरसय्यामामांनी. देगलूरचे. सख्खे मामा नव्हेत, पण थिएटरात सगळेच त्यांना मामा म्हणायचे. पोटच्या पोराला शिकवावं तसं शिकवलं मला. त्यांना जगात भीती एकाच गोष्टीची — त्यांच्या उस्तादाचे डोळे म्हातारपणी गेले होते, आणि ते या झोतानंच खाल्ले अशी मामांची खात्री होती. काळी काच लावल्याशिवाय मला झोताकडे बघू द्यायचे नाहीत. स्वतः मात्र घाईत नुसत्या डोळ्यांनी बघायचे आणि मग हळहळायचे. "एक दिवस माझेबी जातेत बघ, शिवा." ही भीती त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितली असेल असं वाटत नाही. मला सांगितली. विश्वासानं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं तेव्हाची गोष्ट. पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर रंगवणं चाललं होतं, नवे साहेब आणि कारकून भाड्याच्या खोल्या शोधत फिरत होते, आणि पावसानं दगा दिल्यामुळे गावात पाणी मात्र टँकरचं. थिएटरातले रांजण उपडे. ज्या खेड्यापाड्यांच्या जिवावर आमचा खेळ चालायचा ती माणसं येईनाशी झाली. आप्पांनी दुपारचा खेळ बंद केला आणि मला एकट्याला बोलावलं. "शिवलिंग, दोघं पोसणं आता होत न्हाई. नरसय्या जुना माणूस, त्याला कुटं काढू? दसऱ्यापसनं तू दुसरीकडं बघ."

आप्पांचं काहीच चुकलं नव्हतं. माझं लग्न ठरलं होतं, नोकरी गेली तर सोयरीक मोडली असती — हे मी सांगतोय, पण तुम्ही ते बाजूला ठेवा. त्या वर्षी काम सुटलेली माणसं गावात थोडी का होती? सगळ्यांनी का कुणाचा केसानं गळा कापला?

मामा चहाला गेले होते. मी दिव्याची पेटी उघडली. आरशाला धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते, ती पकडीनं जराशी वाकवली. मान खाली घातली तशी गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी आरशावर टक्कन वाजली. मी दचकलो. डबी सदऱ्याच्या आत टाकली — आणि काम पुरं केलं.

खेळ सुरू झाला. कोपरा काळा. मामा लगेच भिंतीतल्या झरोक्याशी गेले, डोळे बारीक केले, आणि त्यांनी मला विचारलं, "शिवा, खालच्या डाव्या कोपऱ्यात अंधार हाय का रं?"

आता इथं ऐका. मी काय म्हणालो ते ऐका.

"न्हाई मामा. समदा पडदा लख्ख हाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा पडद्याकडे. त्यांचा हात आरसा वळवायच्या खुंटीकडे निघाला होता, तो मागं आला. बिघाड मशीनचा असता तर त्यांनी पेटी उघडून चुटकीसरशी काढला असता. पण मशीन ठीक होतं ना — मीच तसं सांगितलं होतं.

मग ते रोज विचारू लागले. आधी सरळ, मग आडून, आणि पुढं पुढं नुसतेच माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचो. खाली लोक शिट्ट्या मारायचे. मशीनच्या घरघरीत शब्द कळायचे नाहीत. "लोक कशापायी बोंबलून राहिलेत रं?" "पाणी न्हाई प्यायला, मामा. तापलेत." इतकं सहज यायचं तोंडात. मला माझीच भीती वाटायची, आणि तरी मी दुसऱ्या दिवशी तेच म्हणायचो. मामांनी सायकल सोडली. कांड्या चाचपडत जोडायला लागले.

नव्या साहेबांपैकी कुणीतरी आप्पांकडे तक्रार केली. आप्पा वर यायला निघाले तर मी त्यांना जिन्यातच गाठलं. "मामाला दिसंना झालंय, आप्पा. अंधार हाय म्हणावं तर ऐकत न्हाईत." पाहा म्हणजे — ज्याला अंधार दिसत होता त्याला म्हणालो अंधार नाही, आणि मालकाला म्हणालो याला अंधार दिसत नाही. दोघं समोरासमोर आले. आता पितळ उघडं पडणार. आप्पांनी एवढंच विचारलं, "नरसय्या, डोळ्याला काय झालं?" आणि मामा मान खाली घालून म्हणाले, "गेले, आप्पा."

ते निघाले त्या दिवशी लोखंडी जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. लख्ख ऊन होतं, पायरी अन् पायरी दिसत असणार त्यांना. तरी धरला. खाली आल्यावर म्हणाले, "काळी काच लावत जा, लेकरा." मी वर गेलो आणि पट्टीमागं पत्र्याचा तुकडा दुमडून सारला. पडदा उजळला. नवा ऑपरेटर हुशार आहे, असं लोक म्हणाले.

पुढं कधीतरी एका लग्नाला देगलूरला गेलो. मामांचं घर रस्त्यावरच. ते ओट्यावर बसले होते आणि मी समोरच्या पानटपरीशी, गर्दीत, गुपचूप उभा. जावं की परतावं — ठरत नव्हतं. तेवढ्यात रस्त्यापलीकडून हाक आली, "शिवा का रं?" मी जाऊन पाया पडलो. त्यांना कोण आनंद झाला! "पावलाच्या आवाजावरनं वळखलं बघ. आता कानच माझे डोळे."

मी पाऊल टाकलंच नव्हतं. मी नुसता उभा होतो. त्यांनी मला पाहिलं होतं.

सून आतून सांगत होती — भिंत धरून चालतात, ओटा सोडत नाहीत, डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. डॉक्टरनं एकदा 'गेले' म्हणून सांगितलं की मग उरतंच काय, म्हणतात. मामा, तुम्हाला दिसतं. इतकेच तीन शब्द लागत होते. मी चहा प्यालो, त्यांच्या नातवाच्या हातावर खाऊ ठेवला आणि उठलो. मामा त्याच ओट्यावर म्हातारे झाले, आणि गेले.

देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. मी इतकी वर्षं कान देऊन आहे. माझे डोळे अजून चांगले आहेत; सुईत दोरा ओवतो.

तर लातूरला गेलो. दिव्याची पेटी उघडली. माझा पत्रा गंजून खाली पडलेला, आणि पट्टी — मी वाकवली होती तश्शीच. ती सरळ केली. कांड्या पेटवल्या. कोपरा उजळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि महेशनं विचारलं, "काका, तुमाला कसं कळलं?" मी म्हणालो, सवय.

मग तो म्हणाला, मशीनपाशी पाटी लावायची आहे, नरसय्या आजोबांचं नाव पाहिजेच. "त्यांचे डोळे ह्याच दिव्यानं गेले ना, काका? तसंच लिहितो."

पडदा समोर होता. सगळा लख्ख.

मी म्हणालो, "हाव."

पाटी लागली आहे. परवा जाऊन वाचून आलो.