पुराच्या पिशव्या

मे महिना सरत आला, पापड-कुरडया वाळून डब्यात गेल्या, की मी आणि शेजारची भाभी पुराच्या पिशव्या काढायला बसायचो. कसबा बावड्यात पंचगंगेकडच्या बाजूला आमची घरं एकमेकांना लागून होती, मधे कमरेएवढी भिंत. भाभी घरी ब्लाउज आणि लहान पोरींचे कपडे शिवायची. तिचा नवरा पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. माझा नवरा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. दोघींच्या मुली एका वयाच्या, मुलगे त्यांच्या पाठचे. मी तिला भाभी म्हणायचे, ती मला वैनी. वयानं कोण मोठी, ते आम्ही कधी काढलं नाही.

पिशव्या सुरू झाल्या त्या पहिल्या पुरानंतर. तोवर आमच्या गल्लीत पाणी येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. थोरली माणसं सांगायची, पाणी कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत येतं आणि मागं फिरतं. त्या वर्षी ते फिरलं नाही. बाहेर पडा म्हणून हाळी आली तेव्हा मी हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं. आसऱ्याला नेलेल्या शाळेत पोचून बघते तर पिशवीत लोणच्याची बरणी, देव्हाऱ्यातले टाक आणि टीव्हीचा रिमोट. धाकटा तेव्हा तान्हा होता आणि त्याला गुंडाळायला एक कोरडं दुपटं नव्हतं.

भाभी शेजारच्याच सतरंजीवर होती. तिनं आणली होती कापायची कात्री आणि गिऱ्हाइकांचे अर्धे शिवलेले ब्लाउज.

"माझी पोरं भिजल्यात आणि गिऱ्हाइकांची कापडं कोरडी," ती म्हणाली. मग कुणाच्या तरी अस्तराचं मऊ कापड काढून तिनं माझ्या मुलाला गुंडाळलं. आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखं तिथं काही नव्हतं.

घरी परतल्यावर चिखल काढता काढता ती भिंतीपलीकडून म्हणाली, "वैनी, आता दरसाल तयारी पायजे. मी शिवून देतो की पिशव्या."

मांडववाल्याकडून तिनं जाड निळं ताडपत्रीचं कापड आणलं आणि दोन्ही घरांसाठी सारख्याच पिशव्या शिवल्या. एक कागदपत्रांची, एक पोरांची. पाठीवर अडकवायला रुंद पट्टे, म्हणजे कडेवर मूल घेता येईल. माझ्या सासूबाईंनी त्या बघितल्या आणि तोंड वाकडं केलं. "पुराला आवतणच द्यायलाय तुम्ही," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या गोळ्यांचं पाकीट त्यांनी गुपचूप आणून माझ्या पुढ्यात ठेवलं.

त्यानंतर दरवर्षी भाभीच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, आमचं पिशव्या भरणं व्हायचं. आधी सगळं जमिनीवर ओतायचं. गेल्या वर्षीचे कपडे पोरांच्या अंगाला लावून बघायचे. माझ्या मुलीचा फ्रॉक डोक्यातच अडकायचा आणि ती आतून ओरडायची. भाभीच्या मुलाची चड्डी पोटावर यायची नाही. जे लहान झालं ते बाजूला, आणि नव्या मापाचे दोन-दोन जोड आत. वर टॉवेल, तापाचं औषध, मेणबत्ती, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे. पोरांना आवडीची एकेक वस्तू घालायची मुभा होती. भाभीच्या मुलानं एकदा सायकलची घंटी घातली आणि पिशवीत हात घातला की ती वाजायची. पोरांना तो दिवस सणासारखा वाटायचा. पूर म्हणजे काय ते त्यांच्या लक्षात नव्हतं. सगळे मिळून कुठंतरी जायचंय, एवढंच त्यांना कळायचं.

एका वर्षी मी धाकट्याची दुधाची बाटली आणि पावडरचा डबा हातात घेऊन बसले. आता त्यांची गरज नव्हती. तो पेल्यानं दूध प्यायला लागला होता, भाकरी चावत होता. बाटली बाजूला ठेवताना मला एकदम भरून आलं.

"काय झालं?" भाभीनं विचारलं.

"काय न्हाय. आता ही लागायची न्हाय."

"मग चांगलंच की. पूर यायचाय म्हणून पोरं काय ल्हानच ऱ्हाणार हायती व्हय?" असं म्हणाली, पण तिच्याही हातात तिच्या मुलाचं टोपडं होतं आणि ते तिनं बाजूच्या ढिगात टाकलं नाही. मांडीवर घेऊन बसली.

दुसरा पूर आला तेव्हा आम्ही तयार होतो. नदीवरचा बंधारा बुडाला, पिंपळाच्या पारावर पाणी चढलं, आणि सकाळी बोट गल्लीत आली. माझा नवरा टँकर घेऊन गेला होता आणि रस्ता बंद झाल्यानं पलीकडंच अडकला होता. सासूबाई, दोन पोरं आणि मी. भाभीच्या नवऱ्यानं भिंतीवर उभं राहून दोन्ही घरांच्या पिशव्या ज्याच्या त्याच्याकडं खाली दिल्या. बोटीत जागा कमी होती, म्हणून म्हाताऱ्या माणसांचं घर आधी निघालं, म्हणजे आमचं. भाभी मागच्या बोटीनं येणार होती. "तिथं जागा धर," तिनं ओरडून सांगितलं.

मी एका मंगल कार्यालयात जागा धरली. पण ते भरलं म्हणून मागच्या बोटीतल्या माणसांना पुढं एका शाळेत नेलं. तिथवर जायला वाट नव्हती.

दुपारी धाकट्याचं अंग तापलं. मी पोरांची पिशवी उघडली आणि वरच घंटी वाजली. ती आमची नव्हती. सारख्याच पिशव्या, भिंतीवरून देताना बदलल्या होत्या. मी घाईनं आत हात घातला. टॉवेलाखाली तापाचं औषध होतं, मी ठेवते त्याच जागी. तिनं नानकटाई ठेवली होती, दोन जोड हिरवे कपडे, आणि कोपऱ्यात ते टोपडं.

औषध पाजलं आणि फोन लावला. खूप वेळानं लागला.

"वैनी, तुझ्या पिशवीत बॅटरी हाय पर सेल न्हाईत," तिनं पहिलं हेच सांगितलं.

"त्याला ताप हाय," मी म्हणाले.

"औषध दिलंस? वजन किती हाय त्याचं आता? माझ्या पोराला देतो तेवढंच दे. आणि कपाळावर ओली पट्टी ठेव, कान झाक." मग म्हणाली, "माझी पोरगी तुझ्या पोरीचा पिवळा फ्रॉक घालून हिंडायल्या. काढ म्हटलं तर काढत न्हाय."

इकडं माझ्या मुलीनं हिरवी सलवार-कमीज घातली होती आणि सतरंज्यांमधून ऐटीत फिरत होती. ओळखीच्या एका बाईंनी विचारलं तर म्हणाली, "हे माझंच हाय." संध्याकाळपर्यंत ताप उतरला. पाणी ओसरेपर्यंत आम्ही रोज फोनवर बोललो, आज कुणी काय खाल्लं, कोण रडलं, पिशवीत अजून काय काय सापडलं. तिला माझ्या पिशवीत मेतकूट सापडलं आणि तिच्या नवऱ्याला ते इतकं आवडलं की त्यानं नुसतंच खाऊन संपवलं. त्या दिवसांत ती माझ्या जितकी जवळ होती, तितकी भिंतीपलीकडं असतानाही नव्हती.

परत आलो तेव्हा तिच्या शिलाई मशीनमध्ये गाळ भरला होता. नवऱ्याच्या दुकानातल्या लोकांच्या मोटारी दुसऱ्यांदा बुडाल्या होत्या. त्या पुसत तो बरेच दिवस उंबऱ्यावर बसायचा. शाहूवाडीकडं मलकापूरला त्याच्या भावाचं घर होतं, उंचावर, रस्त्याला लागून दुकानाची जागा होती. दिवाळीच्या आधी त्यांनी सामान टेंपोत भरलं. मी चहा करून घेऊन गेले. तिच्या सोप्यात बसायला काही उरलं नव्हतं, म्हणून आम्ही उभ्यानं प्यालो.

"लांब काय न्हाय," ती म्हणाली. "रत्नागिरीची गाडी धरली की आलीस."

मी व्हय म्हणाले. माझी मुलगी टेंपोमागं थोडी पळाली आणि हसत परत आली. तिला वाटलं, मैत्रीण आठवड्यानं येईल.

पुढच्या मे महिन्यात मी एकटीच आमच्या सोप्यात बसले. मुलगी शाळेच्या सुट्टीतल्या वर्गाला गेली होती, धाकट्याला माप द्यायचा कंटाळा. त्याचा सदरा मी अंदाजानंच घेतला. फोन केला तेव्हा भाभी म्हणाली, "आमाला आता कशाला पिशवी? हितं काय पाणी चढतंय." पलीकडं तिचं नवं मशीन चालू होतं.

आम्ही एकदा गेलो मलकापूरला. तिनं पोळ्या आणि खीर केली होती. माझ्या सासूबाईंसाठी चटणीची बाटली बांधून दिली. मुली मात्र पलंगाच्या दोन टोकांना बसून राहिल्या. दोघी उंच झालेल्या, दोघी लाजत. भाभीनं आणि मी त्यांना बोलतं करायचा खूप प्रयत्न केला. निघताना कुठं त्या दोघी दारात कुजबुजल्या, काय ते आम्हाला सांगितलं नाही. येताना गाडीत मुलगी खिडकीला डोकं टेकून होती. मी विचारलं, तर म्हणाली, "तिला आता शाहूवाडीतल्या मैत्रिणी हायत."

पावसाळ्यात पंचगंगेला पाणी चढलं की भाभीचा फोन हमखास येतो. पाणी कुठवर आलं, पिशवी भरली का, म्हातारीच्या गोळ्या घेतल्या का. मी सगळं सांगते. पुन्हा पुन्हा सांगते. कधी कधी बंधाऱ्यावरचं पाणी बघून आले की घरात कुणाला सांगता येणार नाही असं मनात येतं, आणखी थोडं चढावं. गल्लीत यायला नको, पिंपळापर्यंत पुरे.

यंदा पाऊस बेताचा. श्रावण अर्धा झाला तरी फोन नाही, म्हणून काल मीच केला. तिला वाटलं काहीतरी झालं.

"काय गं वैनी? पाणी आलं व्हय?"

"न्हाय," मी म्हणाले. "असाच केला."

"बरं मग बोल की," ती म्हणाली, आणि तिनं मशीन बंद केलं.